खारकर साहेब उद्या येणार

ज्याच्या नुसत्या येण्याने नदीनाले निर्मळ होतात असा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला. पुराणांत असे पुष्कळ होऊन गेले म्हणतात. पण त्यांतल्या कोणाला सरकारी जीप होती असं माझ्या वाचनात नाही. अरविंद खारकरांना होती. पाण्यावर देखरेख करणाऱ्या एका सरकारी खात्याचे ते अधिकारी होते आणि शहापूर व मुरबाड हे दोन तालुके त्यांच्याकडे होते. ते ज्या दिवशी येत त्या दिवशी आटगावच्या पलीकडचा आमचा नाला काचेसारखा वाहत असे. ही दंतकथा नाही. मी स्वतः काठावर उभा राहून पाहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निळा होई, हेही पाहिलेलं आहे.

माझा त्यांचा संबंध एका परिपत्रकामुळे आला. पाण्याचे नमुने घेताना एक जबाबदार नागरिक हजर असावा, असं त्यात म्हटलं होतं. मी शहापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवत होतो, दुपारनंतर मोकळा असे, आणि माझी जमीन कुठल्याही कारखान्याला लागून नव्हती. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. काम सोपं होतं. जीपमध्ये मागे बसायचं, खारकर बाटली भरत असताना बघायचं आणि सही करायची.

पहिल्या दिवशी ते जीपमधून उतरले तेव्हा मला वाटलं, कोणाच्या तरी लग्नाला निघालेत. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. सांडपाणी बघायला जाताना हा पोशाख कशाला, असं मी विचारलं. "डाग पडला तर मला आधी कळायला हवा," ते म्हणाले. इतक्या वर्षांत डाग पडला नव्हता. हे ते अभिमानाने सांगत, आणि त्यांचा ड्रायव्हर भोईर आरशातून माझ्याकडे बघत भुवया उडवी.

खारकर लाच घेत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचकाचं मन कुठे धावतं ते मला माहीत आहे. कारखान्यात ते चहासुद्धा घेत नसत, आणि पाण्याची बाटली कल्याणच्या घरून आणत. दिवाळीत एका खडीवाल्याने काजूकतली पाठवली, ती त्यांनी परत केली; वर खोक्याची रिबीन होती तशी पुन्हा बांधून. नमुना घेताना त्यांना पाहावं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, प्रवाहाच्या मधोमध धरून भरायची, बूच लावून उजेडात फिरवून बघायची, मग वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवून बर्फाच्या पेटीत निजवायची. पेटीचं झाकण ते इतकं हलक्या हाताने लावत की आत कोणी झोपलंय असं वाटावं. एवढी निष्ठा मी देवळातही कमी पाहिली आहे.

त्यांचं एक तत्त्व होतं. न कळवता ते कुठेही जात नसत. आदल्या दिवशी संध्याकाळी ज्याच्या त्याच्या कारखान्यात फोन जाई: "खारकर बोलतोय. उद्या येतोय." मी एकदा म्हटलं, साहेब, यात गंमत काय राहिली? त्यावर जीपमध्ये मला छोटं व्याख्यान मिळालं. अचानक जाणं म्हणजे छापा. छापे पोलिसांनी घालावेत. आपलं काम प्रबोधनाचं. माणसाला सुधारायची संधी आधी दिली पाहिजे. माणसं ती संधी घेत. एका रात्रीत सुधारत. पुढच्या संध्याकाळी पुन्हा बिघडत, पण तोवर खारकर कल्याणला पोचलेले असत.

मुरबाडकडच्या एका पोल्ट्रीत आम्ही जायचो तेव्हा शेडला पडदे लावलेले असत आणि दाराशी उदबत्त्यांचा पुडाच्या पुडा पेटवलेला असे. खारकर खोल श्वास घेऊन म्हणत, वातावरण प्रसन्न आहे. भोईर जीपच्या काचा वर करून आतच बसे. त्याच्या मते कोंबड्यांनासुद्धा उदबत्तीचा वास लागला की खारकर साहेब आले हे कळत असावं.

पण खरी कीर्ती झाली ती आटगावच्या पलीकडच्या कारखान्यामुळे. तिथे कापड रंगवत. मॅनेजर दळवी म्हणून होते. गोल चेहऱ्याचे, नम्र, कुठलंही वाक्य 'हो साहेब'ने सुरू करणारे. त्यांनी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेशेजारी काचेची मोठी टाकी ठेवली होती आणि तिच्यात मासे सोडले होते. शुद्ध केलेल्या पाण्यात मासे जगतात, हे पाहुण्याला दिसावं म्हणून. खारकरांना ही टाकी फार आवडे. ते खिशातून बिस्किटाचा चुरा काढून तिच्यात टाकत. एका भेटीत मी दळवींना म्हटलं, मागच्या वेळी लाल होते ना हो, आता काळे कसे?

"हो साहेब," दळवी म्हणाले, "बदली झाली."

खारकर हसले नाहीत. बदली हा विषय त्यांच्या खात्यात हसण्यावारी नेत नसत.

यंत्रणा स्वतः मात्र दसऱ्याला पूजा करून झाकून ठेवलेल्या गाडीसारखी होती. चकचकीत, हार वाळलेला, आणि चालवणारा कोणी नाही. रोजचं पाणी मागच्या भिंतीतल्या पाइपातून थेट नाल्यात जाई, आणि नाला खाली कातकरी वाडीच्या अंगाला लागून वाहत असे. वाडीतल्या लोकांना मुंबईतली फॅशन सगळ्यांच्या आधी कळे. दिवाळीच्या तोंडावर नाला लाल येई, लग्नसराईत केशरी, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी महिनाभर गणवेशाचा निळा. हे ऐकायला रंगीत वाटतं. वाडीला उन्हाळ्यात पाणी एकच होतं: नाल्याच्या काठाशी वाळूत खणलेला झिरा. त्यात नाल्याचंच पाणी झिरपून येई. ते प्यायचं, नाहीतर महामार्ग ओलांडून गावच्या विहिरीवर जायचं आणि तिथे गावातल्या बायकांचं भरून होईस्तोवर थांबायचं. पोरांच्या अंगाला खाज होती, आणि ती कशामुळे हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

आमची जीप वाडीवर पोचली की तिथे जत्रा असे. सगळ्या बायका गोधड्या, साड्या, लुगडी घेऊन नाल्यात उतरलेल्या. हंडे, कळशा, डबे, जे काही पाणी धरू शकेल ते भरून ओळीने मांडलेलं. पोरं डुंबत असत. खारकरांना वाटे, आपण येणार म्हणून स्वच्छतेची चळवळ उभी राहिली आहे. ते काठावर उभे राहून दोन शब्द बोलत. पाणी हे जीवन आहे, असं ते सांगत. ज्यांना सांगत त्यांच्या डोक्यावर तेव्हा हंडा असे.

वाडीत बुधीबाय हिलम म्हणून एक म्हातारी होती. तोंडात तंबाखू, नजर कारखान्याच्या भिंतीवर. तिला मी एकदा बाजूला घेऊन विचारलं, की आम्ही येणार हे तुम्हाला कळतं कसं?

"पानी सांगतं," ती म्हणाली. "आदल्या सांजच्याला पाइप बंद व्हतो. सकाळच्याला पानी गोरं आलं का समजायचं, सायेब येतंय. मंग गोधड्या काढायच्या."

म्हणजे आम्ही कुठे जाणार हे भोईरला सकाळी जीप काढताना कळे, आणि वाडीला त्याच्या आधी.

यातून पुढचं सुचायला बुधीबायला वेळ लागला नाही. तिच्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ती दोन माणसं घेऊन शहापूरला आली आणि तिने खारकरांना आमंत्रण दिलं. कारखान्याच्या वॉचमनलाही तिने आपणहून सांगून ठेवलं, की सायेब लग्नाला येतंय. खारकर भारावले. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी प्रेमाने बोलावलं नव्हतं. बोलावत ते नोटीस मागे घ्यायला. ते गेले. त्यांच्या सवयीप्रमाणे दळवींना फोन करून गेले, त्या भागात येतोच आहे तर नमुनाही घेऊन जाईन म्हणून. लग्नाचा स्वयंपाक स्वच्छ पाण्यात झाला, वऱ्हाड स्वच्छ पाण्यात न्हालं, खारकरांना शाल आणि नारळ मिळाला.

मग बोलावणी थांबेनात. बारसं, देव बसवणं, पोरांची क्रिकेट टूर्नामेंट, एकदा एका शेळीला तिळं झालं म्हणून. खारकर सगळीकडे जात. पांढऱ्या कपड्यांत, खुर्चीवर ताठ बसून, गुडघ्यावर नारळ. दर वेळी नमुना घेत, आणि दर नमुना उत्तम येई. वरच्या बैठकीत त्यांच्या नाल्याचं उदाहरण इतरांना देऊ लागले. मुरबाडच्या बाजूच्या एका सरपंचाने तर मला गाठून गाऱ्हाणं केलं, की तुमची वाडी साहेबांना सोडतच नाय, आमच्या ओढ्यालाबी एखादा दिवस द्या की.

मी खारकरांना एकदा सरळ सांगितलं. तुम्ही येता तेव्हा पाइप बंद करतात, तुमच्या मागे उघडतात. त्यांनी माझ्याकडे वर्गात उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं.

"प्राध्यापक," ते म्हणाले, "तुम्ही इतिहास फार वाचलात. तुमचा माणसांवर विश्वास राहिला नाही."

त्यांचा राहिला होता. तो ज्या दिवशी गेला, त्या दिवशीही मी मागच्या सीटवर होतो.

खारकरांच्या निवृत्तीचं वर्ष होतं, उन्हाळा होता. बुधीबायच्या नातीचं लग्न ठरलं होतं. ती आमंत्रण द्यायला आली आणि म्हणाली, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. वाडीत तारीख अशीच सांगतात. कॅलेंडर कोणाकडे असलं तरी ते भिंतीवरच्या देवासाठी. आता शहापूरचा बाजार एका वारी आणि मुरबाडचा दुसऱ्या. बुधीबाय शहापूरचा बाजार करणारी. खारकर त्या आठवड्यात मुरबाडकडे फिरत होते, त्यांनी मुरबाडचा धरला. आदल्या दिवशी आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी एका रिसॉर्टच्या पाहणीला होतो आणि रात्री तिथल्या गावातच राहिलो. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून दळवींना फोन गेला नाही. खारकर दिवसभर अस्वस्थ होते. न कळवता जाणं त्यांना चपला घालून देवघरात शिरण्यासारखं वाटत होतं. पण लग्नाला उशीर नको, म्हणून सकाळी निघाले.

वाडीवर मांडव नव्हता. गोधड्या नव्हत्या. नाला निळा होता. निळसर म्हणत नाही मी. नवी कोरी शाळेची चड्डी असते तसा. झिऱ्यापाशी बुधीबाय बसली होती आणि फडक्यातून पाणी गाळून हंड्यात घालत होती. फडकं निळं, बोटं निळी. शेजारी जिचं लग्न होतं ती पोरगी हात खाजवत उभी होती.

जीप बघून म्हातारी गडबडली. दारात अचानक व्याही उभे राहिले आणि घर झाडलेलं नाही, असं तिचं झालं. हंडा पदराने झाकत ती उठली.

"सायेब, आज कुठं आलाव? लगीन तर शहापूरच्या बाजारानंतर."

खारकर नाल्याकडे बघत होते. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमी सांगलं नाय ना येताव म्हनून," ती ओशाळून म्हणाली. "पानी तयार नाय अजून."

खारकर जीपकडे वळले. ते पेटीतून बाटली घेऊन खाली उतरले, पाण्यात पाऊल टाकलं, तीनदा विसळली, भरली, उजेडात धरली. चिठ्ठी लिहिली. परत आले तेव्हा पांढरी पँट गुडघ्यापर्यंत निळी होती. भोईरने या वेळी भुवया उडवल्या नाहीत. त्याने सीटवर टाकायला पेपर दिला. जीप कल्याणच्या रस्त्याला लागली. मग खारकर एवढंच म्हणाले, "बारशाला बोलावलं होतं ना, तेव्हा याच पोरीने आपला भाऊ माझ्या मांडीवर आणून ठेवला होता."

नमुन्याचा निकाल आला. प्रयोगशाळेने म्हटलं होतं: नमुना दूषित असल्यामुळे तपासता आला नाही. या ठिकाणचे आधीचे सगळे नमुने उत्तम असल्यामुळे बाटली अस्वच्छ असावी, पुढच्या वेळी काळजी घ्यावी. खारकरांची बाटली अस्वच्छ असू शकते असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगत होतं.

मला वाटलं, आता हा माणूस एक तर पेटून उठेल किंवा रजेवर जाईल. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीच्या वेळी दळवींना फोन केला. "खारकर बोलतोय. उद्या येतोय." दुसऱ्या दिवशी नाला स्वच्छ झाला. खारकर गेले नाहीत. संध्याकाळी पुन्हा फोन. "खारकर बोलतोय. उद्या येतोय." परवाही तेच, तेरवाही तेच.

तत्त्व त्यांनी सोडलं नाही. न कळवता ते कुठेच गेले नाहीत. कळवूनही गेले नाहीत, एवढाच फरक.

नातीचं लग्न ठरल्या दिवशी झालं, आणि त्यानंतरही पाणी स्वच्छच राहिलं. वाडी चक्रावली. बुधीबायने माझ्याकडे चौकशी केली, की सायेब रोज येतंय का काय, दिसत तर नाय. मी म्हटलं, रोज येणार असतात. तिने सुनेला सांगून रोज सकाळी उंबराखाली एक खुर्ची मांडायला सुरुवात केली. वॉचमनला दिसेल अशी.

कारखान्यात मात्र हाहाकार होता. पाइप एक दिवस बंद ठेवणं सोपं. रोज बंद ठेवायचा तर पाणी जायचं कुठे? मागची टाकी भरली, मग टँकर लावले, मग टँकरवाले भाव वाढवू लागले, आणि शेवटी निरुपाय होऊन त्यांनी सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा चालू केली. तिची मोटर सुरू करता येणारा माणूस शोधायला पनवेलला जावं लागलं. दळवींचा गोल चेहरा उतरला. ते मला खर्डी स्टेशनबाहेर भेटले आणि जवळजवळ हात जोडून म्हणाले, "सर, साहेबांना सांगा, एकदा येऊन जा म्हणावं. ते आले की आम्ही मोकळे."

मी निरोप दिला. खारकर म्हणाले, "हो, उद्या जातोय."

शेवटी कारखान्याने वर तक्रार केली. पाहणी होत नाही, अशी तक्रार पाहणी ज्याची व्हायची त्यानेच केल्याचं खात्याच्या इतिहासात हे पहिलं उदाहरण असावं. खारकरांना खुलासा विचारला: येतो असं कळवूनही आपण गेला नाहीत, हे खरं काय? मी त्यांच्याजवळ बसलो होतो तेव्हा ते उत्तर लिहीत होते. अक्षर तसंच वळणदार. कळवणं हे माझ्या कामात आहे, म्हणून रोज कळवलं. जाण्यासाठी डिझेल लागतं. ते महिन्याला किती द्यायचं हे वरिष्ठांनी ठरवलेलं आहे. वाचून दाखवून त्यांनी मला विचारलं, "उद्धट वाटत नाही ना?" मी म्हटलं, अजिबात नाही. त्यांना ते खरं वाटलं, कारण उद्धटपणा त्यांना खरोखरच जमत नव्हता.

खुलासा असमाधानकारक ठरला. कामात टाळाटाळ असा शेरा पडला, आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले.

निरोप समारंभ शहापूरला एका हॉलमध्ये झाला. खारकरांना व्यासपीठाची हौस होती, पण त्या दिवशी ते खुर्चीवर नुसतेच बसून होते. शेऱ्याचा उल्लेख कोणी केला नाही. सगळे त्यांच्या स्वच्छ चारित्र्याबद्दल आणि स्वच्छ कपड्यांबद्दल बोलले. दळवींनी सगळ्यांत मोठा हार आणला होता आणि तो घालताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. नवे साहेब तरुण होते. त्यांनी सांगितलं, की यापुढे कोणी कुठे जायची गरज नाही. कारखान्यांनी आपले आकडे आपणच मोबाइलवर भरायचे. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात दळवींच्या.

वाडीतल्या बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. वडापाव वाटप सुरू झालं तशी बुधीबाय गर्दीतून पुढे आली. भाषणातलं तिला किती समजलं होतं कोण जाणे, पण नेमकं तेवढं समजलं होतं. मी बाजूलाच होतो.

"मंग सायेब," ती म्हणाली, "आमचं उद्याचं काय?"

खारकरांनी तिच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला गेले. मला वाटतं, पाणी हे जीवन आहे, असंच काहीतरी तोंडाशी आलं असावं. पण हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि ते बाहेर पडले.

मी खिडकीशी दळवींशेजारी उभा होतो. बाहेर अंगणात खारकर एकटे होते, पांढऱ्या कपड्यांत, काखेत नारळ. जीप आता नव्या साहेबांची होती, तिच्यापासून ते थोडे दूर उभे होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल काढून नंबर लावला. माझ्या शेजारी दळवींचा फोन वाजला. दळवींनी तोंडातला घास गिळला, हात रुमालाला पुसला आणि फोन कानाला लावला.

"हो साहेब," ते म्हणाले. "हो साहेब. हो साहेब."

मग त्यांनी तिथूनच कारखान्यात फोन करून पाइप उद्याही बंद ठेवायला सांगितलं आणि उरलेला वडापाव खाल्ला. खिडकीतून मला खारकर फाटकाकडे चालताना दिसले. रिक्षावाल्याशी स्टेशनच्या भाड्यावरून थोडं बोलले, नारळ मांडीवर घेऊन बसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी नाला दुपारपर्यंत स्वच्छ होता.